'पोलीस कारवाई'तील पोलीस कोठे होते? धाराशिव, १९४८

१/
मराठवाड्यातील जुन्या पिढीची काळ मोजण्याची एक खूण होती. अमक्याचा जन्म 'ॲक्शन'च्या आधीचा, तमकीचे लग्न 'ॲक्शन'नंतरचे. ही 'ॲक्शन' म्हणजे 'पोलीस ॲक्शन', अर्थात सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात केलेली मोहीम. सैन्याच्या कागदपत्रांत तिचे नाव 'ऑपरेशन पोलो' असे आहे. तीत रणगाडे होते, तोफा होत्या, हवाई दलाची विमाने होती. मग लोकांच्या जिभेवर शब्द राहिला तो 'पोलीस' हा. या मोहिमेत पोलीस नेमके कोण होते आणि कोठे होते, हा प्रश्न धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात विचारला, की त्या वर्षाचा एक वेगळाच इतिहास समोर येतो.

२/
आधी भूगोल. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. लातूर आणि औसा हे तालुकेही त्यात मोडत. लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ मध्ये. जिल्ह्याच्या पश्चिमेला मुंबई प्रांताचा सोलापूर जिल्हा होता. ही सरहद्द सरळ नव्हती. निजामाच्या मुलखात इंग्रजी अमलाची गावे आणि इंग्रजी मुलखात निजामाची गावे, अशी ठिगळे दोन्हीकडे होती. बार्शीहून निघालेली नॅरोगेज रेल्वे येडशी, ढोकी असा निजामाचा मुलूख ओलांडून लातूरला जाई. शेत एका राज्यात आणि बाजार दुसऱ्या राज्यात, हे या पट्ट्यात रोजचेच होते.

३/
या भूमीचे सैन्याशी नाते जुने. १८५३ च्या तहात कंपनी सरकारने निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख आपल्या ताब्यात घेतला. कारण होते 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेच्या खर्चाचे. फौज निजामाच्या नावाची, हुकूम इंग्रजांचा आणि पगार मात्र या जिल्ह्यांच्या सारावसुलीतून. ठगांवरील कादंबरीमुळे प्रसिद्ध झालेला मेडोज टेलर त्याच काळात नळदुर्गला अधिकारी म्हणून राहिला. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले. कोणाचे तरी शस्त्र पोसायचे, पण त्या शस्त्रावर आपला अधिकार नाही, हा अनुभव या रयतेला १९४८ च्या शंभर वर्षे आधीच आला होता.

४/
आता १९४७. १५ ऑगस्टला भारत स्वतंत्र झाला, परंतु निजाम मीर उस्मान अली खान भारतात सामील झाला नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एका वर्षासाठी 'जैसे थे' करार झाला. त्यानुसार सिकंदराबादेतील भारतीय सैन्य माघारी गेले. संस्थानात आता तीन प्रकारचे सशस्त्र लोक उरले. निजामाची नियमित फौज, निजामाचे पोलीस आणि रझाकार.

५/
रझाकार ही इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाची स्वयंसेवक संघटना. तिचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील, म्हणजे याच जिल्ह्यातील रहिवासी. रझाकारांना गणवेश होता, कवायत होती, शस्त्रे होती, परंतु कायद्याने दिलेला अधिकार नव्हता. तरीही खेड्यात रझाकारांची टोळी येई तेव्हा पोलीस ठाण्याचा अमीन एक तर तिच्याबरोबर असे किंवा ठाण्याबाहेर पडत नसे. गावकऱ्याच्या दृष्टीने दोहोंतील भेद संपला. ज्याच्याकडे फिर्याद न्यायची तोच आरोपीच्या शेजारी उभा, अशी ही अवस्था होती.

६/
हा मुद्दा महत्त्वाचा, कारण रझाकारी काळाची भीती केवळ मारहाण, लूट आणि जाळपोळ यांतून आलेली नव्हती. दाद मागण्याची जागाच नाहीशी झाली होती. मे १९४८ मध्ये शेजारच्या बिदर जिल्ह्यातील गोरटा येथे मोठे हत्याकांड झाले. उस्मानाबाद जिल्ह्यातून बार्शी आणि सोलापूरकडे निर्वासितांची रीघ लागली. सरहद्द ओलांडणे हाच त्या काळात फिर्याद नोंदवण्याचा एकमेव मार्ग उरला होता.

७/
या सरहद्दीच्या पलीकडे उभे राहिले स्टेट काँग्रेसचे कॅम्प. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली ७ ऑगस्ट १९४७ रोजी सत्याग्रह सुरू झाला होता. स्वामीजींचे आणि या जिल्ह्याचे नाते घट्ट होते. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत ते मुख्याध्यापक होते आणि १९३२ मध्ये त्यांनी संन्यासदीक्षा घेतली तीही तेथेच. स्वामीजी तुरुंगात गेल्यावर लढ्याची सूत्रे दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आदींच्या कृती समितीकडे आली. उस्मानाबादकडून फुलचंद गांधी हे प्रमुख नेते होते. बार्शी, सोलापूर आणि सरहद्दीवरील लहान गावे हे या भागातील कार्यकर्त्यांचे आश्रयस्थान बनले.

८/
कॅम्पचे काम दुहेरी होते. दिवसा निर्वासितांची व्यवस्था, वर्गणी, पत्रके. रात्री सरहद्द ओलांडून निजामाचे करोडगिरी नाके जाळणे, शिंदीची झाडे तोडणे, लेव्हीचे धान्य अडवणे, पोलीस चौक्यांवर छापे घालणे. करोडगिरी म्हणजे जकात. नाका आणि शिंदी हे दोन्ही निजामी उत्पन्नाचे मार्ग असल्यामुळे निशाण तेथेच धरले गेले. यात विद्यार्थी होते, शेतकरी होते, शाळामास्तर होते. बंदूक चालवायला शिकून काही महिनेही न झालेली ही मुले होती.

९/
अशा कॅम्पमध्ये शिस्त कोण राखणार? नियमित सैन्यात या कामासाठी स्वतंत्र दल असते. भारतीय सैन्यातील 'मिलिटरी पोलीस' दलाचा आरंभ १९३९ मधील, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडचा. लाल टोपी आणि दंडावरील पट्टा ही त्याची ओळख. तळाच्या फाटकावर पहारा, रस्त्यावरील लष्करी वाहतुकीचे नियमन, युद्धकैद्यांचा बंदोबस्त, भरकटलेल्या सैनिकांना तुकडीकडे परत पाठवणे आणि गुन्हा करणाऱ्या सैनिकाला पकडणे, ही त्याची कामे. सशस्त्र माणसावरही कोणाची तरी नजर हवी, या तत्त्वावर हे दल उभे आहे.

१०/
सरहद्दीवरील कॅम्पमध्ये असे काही नव्हते. तेथे नजर होती ती नेत्याच्या नैतिक वजनाची आणि सहकाऱ्यांच्या लाजेची. ती बऱ्याच ठिकाणी पुरेशी ठरली. नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर ३० जानेवारी १९४८ रोजी कार्यकर्त्यांनी छापा घातला आणि मिळालेल्या लाखोंच्या रकमेचा हिशेब पुढे चोख सादर केला. आजही ते उदाहरण अभिमानाने सांगितले जाते. परंतु व्यक्तीच्या सचोटीवर उभी असलेली शिस्त ही त्या व्यक्तीपुरतीच असते. ती व्यक्ती जेथे नव्हती तेथे काय घडले, हे पुढे दिसणार होते.

११/
मुंबई प्रांताच्या बाजूला सरकारी पोलीसही होते. सोलापूर-बार्शी पट्ट्यात नेहमीचे जिल्हा पोलीस अपुरे पडत होते. लाठी आणि शिट्टी घेऊन गस्त घालणारा हवालदार रायफलधारी टोळीसमोर काय करणार? ६ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात ज्या सशस्त्र राखीव दलाची स्थापना झाली, तेच आजचे राज्य राखीव पोलीस दल. १९५१ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला. पोलिसाचे अधिकार आणि सैनिकाची कवायत असा हा संयोग होता.

१२/
पण सरहद्दीवर ठिगळे असल्यामुळे एका भारतीय गावातून दुसऱ्या भारतीय गावात जायचे, तर मध्ये निजामाचा मुलूख लागे. जुलै १९४८ मध्ये सोलापूरजवळच्या नान्नज येथे याच कारणाने चकमक झाली. नान्नज हे तेव्हा निजामाचे गाव. तेथून जाणाऱ्या भारतीय तुकडीवर गोळीबार झाला आणि भारतीय सैन्याने गाव ताब्यात घेतले. औपचारिक कारवाईच्या दोन महिने आधीच या पट्ट्यात सैन्याने सैन्याचे काम सुरू केले होते. राजकीय भाषेत मात्र हा अजूनही कायदा-सुव्यवस्थेचाच प्रश्न होता.

१३/
हा शब्द जपण्यामागे कारण होते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. 'युद्ध' म्हटले, की दोन राष्ट्रे मान्य केल्यासारखे होते. 'पोलीस कारवाई' म्हटले, की तो घरातला प्रश्न ठरतो. दिल्लीच्या दृष्टीने ही शब्दयोजना अचूक होती. प्रत्यक्ष आराखडा मात्र पूर्णपणे लष्करी होता. दक्षिण कमांडचे प्रमुख असलेल्या गॉडर्ड यांनी तो आखला. पूर्वेकडून विजयवाडा आणि पश्चिमेकडून सोलापूर अशा दोन मुख्य चढाया ठरल्या. सोलापूरच्या चढाईचे प्रमुख होते मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी.

१४/
१३ सप्टेंबर १९४८ ची पहाट. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर पहिला अडसर होता नळदुर्ग. बोरी नदीला कवेत घेणारा हा किल्ला आदिलशाहीतील पाणीमहालासाठी प्रसिद्ध. या दिवशी मात्र महत्त्व होते ते बोरीवरील पुलाला. पावसाळ्याचे दिवस. पूल उडवला गेला असता, तर रणगाडे नदीकाठीच अडकले असते. सातव्या ब्रिगेडने वेगाने हालचाल करून पूल शाबूत ताब्यात घेतला. किल्ल्याच्या बाजूला पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीचे सैनिक होते. त्यांच्यावर दुसऱ्या शीख बटालियनने हल्ला केला.

१५/
या बटालियनमध्ये होते हवालदार बचित्तर सिंग. पहाटे शत्रूची दोन वाहने येताना दिसताच त्यांनी गोळीबाराचा हुकूम दिला, समोरून येणाऱ्या माऱ्यातून धाव घेतली आणि वाहने संरक्षक शिपायांसह ताब्यात घेतली. त्यानंतर त्याच दिवशी एका मोर्चावर चाल करताना, तो सुमारे तीस यार्डांवर असताना मशीनगनच्या गोळ्या त्यांच्या मांडीत घुसल्या. ते सरपटत पुढे गेले आणि दोन हातबॉम्ब टाकून त्यांनी तो मोर्चा बंद पाडला. जखमी अवस्थेतही मागे नेण्यास नकार देऊन ते जवानांना धीर देत राहिले आणि नळदुर्गच्या मातीतच त्यांनी देह ठेवला.

१६/
त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. या सन्मानाचे ते पहिले मानकरी. येथे शब्दाचा परिणाम पाहण्याजोगा आहे. रणांगणावर शत्रूसमोर दाखवलेल्या सर्वोच्च शौर्यासाठी परमवीरचक्र असते. काश्मीरमध्ये त्याच काळात लढलेल्यांना ते मिळाले. अशोकचक्र हे शत्रूशी युद्ध चालू नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी. नळदुर्गला समोर गणवेशातील फौज होती, मशीनगन होती, मोर्चे होते. परंतु ही 'पोलीस कारवाई' होती. एका हवालदाराच्या छातीवर कोणते पदक लागावे, हेही त्या एका शब्दाने ठरवले.

१७/
पुढचा प्रवास वेगवान होता. नळदुर्गमागोमाग चिलखती तुकडी जळकोटला पोहोचली आणि दुपारी उमरगा पडले. सरहद्दीपासून सुमारे ६० किलोमीटरची मजल एका दिवसात झाली. दुसरी तुकडी तुळजापूरकडे गेली. तेथे पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीची एक तुकडी आणि सुमारे २०० रझाकार दोन तास लढले आणि मग शरण आले. तेथून लोहाऱ्याकडे निघालेल्या सैनिकांना मात्र पूर आलेल्या नदीने अडवले. १७ सप्टेंबरला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. १८ तारखेला त्याचे सेनापती अल इद्रूस यांनी चौधुरींपुढे औपचारिक शरणागती पत्करली.

१८/
शालेय इतिहास बहुधा येथे थांबतो. जिल्ह्याचा इतिहास येथून पुढे अधिक कठीण होतो. सैन्य रस्त्याने गेले. रस्त्यापासून दहा-पंधरा कोस आत असलेल्या गावांत कोण होते? निजामाचे अमीन आणि जवान पळाले किंवा निःशस्त्र झाले. रझाकार पांगले. भारतीय सैन्याबरोबर असणारे मिलिटरी पोलीस हे सैनिकांवर आणि लष्करी रस्त्यावर लक्ष ठेवण्यासाठी असतात. गावकऱ्याच्या दाराशी पहारा देणे हे त्यांचे काम नव्हे. नवे नागरी पोलीस बाहेरच्या प्रांतांतून यायचे होते. नावात 'पोलीस' असलेल्या या कारवाईने मागे सोडली ती पोलीस नसलेली खेडी.

१९/
त्या पोकळीत सूड शिरला. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांची किंमत आता अशा मुसलमानांकडून वसूल होऊ लागली, ज्यांपैकी असंख्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता. विणकर, पिंजारी, शेतमजूर, छोटे दुकानदार. वृत्त दिल्लीला पोहोचल्यावर पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते संस्थानाच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले.

२०/
त्यांच्या अहवालात सर्वाधिक झळ बसलेले म्हणून चार जिल्हे नोंदवले आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांत कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर किमान १८ हजार माणसे मारली गेली, असा समितीचा अंदाज. संपूर्ण संस्थानासाठी तिने २७ ते ४० हजार असा आकडा दिला. लातूरबद्दलची नोंद विशेष आहे. तेथे हत्या वीस दिवसांहून अधिक काळ चालू राहिल्या. शहरातील सुमारे १० हजार मुसलमानांपैकी समितीला जेमतेम ३ हजार उरलेले दिसले. हजाराहून अधिक मारले गेले होते, बाकीचे परागंदा.

२१/
'वीस दिवस' हा शब्द पुन्हा वाचावा. शरणागती १८ सप्टेंबरची. म्हणजे युद्ध संपल्यावर, लष्करी प्रशासन सुरू झाल्यावरही बार्शी रेल्वेचे अखेरचे स्थानक असलेल्या एका मोठ्या बाजारपेठेत हे घडत राहिले. क्षणिक उद्रेक एक-दोन दिवसांत शमतो. वीस दिवस चालते ते कोणी थांबवत नाही म्हणून.

२२/
समितीने जबाबदारीही नोंदवली. गुन्हेगारांत केवळ रझाकारांनी पोळलेले स्थानिक लोक नव्हते. सैन्यापाठोपाठ सरहद्द ओलांडून सोलापूर आणि इतर शहरांतून आलेल्या सशस्त्र टोळ्या होत्या. भारतीय सैन्यातील काही व्यक्ती आणि स्थानिक पोलीस यांनीही लुटीत व अन्य गुन्ह्यांत भाग घेतल्याचा पुरावा मिळाल्याचे समितीने लिहिले. मिलिटरी पोलीस हे दल ज्या धोक्यासाठी निर्माण झाले, तो धोका नेमका हाच. शस्त्रधाऱ्यावर कोणाची नजर नसेल, तर गणवेश कोणाचा आहे याने फारसा फरक पडत नाही.

२३/
त्याच अहवालात दुसरीही बाजू आहे. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबे वाचवली. विणकरांच्या वस्त्यांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांच्या रक्षणासाठी विशेष पुढाकार घेतल्याची नोंद आहे. ज्या गावात पोलीस नव्हता, तेथे पोलिसाचे काम शेजाऱ्याने केले. माग एका गल्लीत, सूत एका व्यापाऱ्याकडून आणि उपासमार सारखीच. या नात्याने जे केले ते कोणत्याही फौजेने केले नव्हते.

२४/
सरदार पटेलांना हा अहवाल मान्य झाला नाही. समितीने रझाकारांच्या अत्याचारांकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असा त्यांचा आक्षेप होता. अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. त्यातील आकडे हे पाहणीवर आधारलेले अंदाज आहेत, शिरगणती नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु आकडा काहीही मानला, तरी प्रश्न तोच राहतो: सत्ता बदलण्याची तयारी झाली, तेवढीच तयारी त्या बदलात सापडणाऱ्या सामान्य माणसाच्या रक्षणाची झाली होती का?

२५/
पुढे व्यवस्था लागत गेली. चौधुरी लष्करी गव्हर्नर झाले. मुंबई प्रांतातील सनदी अधिकारी बाखले यांच्याकडे नागरी प्रशासन आले. शेजारच्या प्रांतांतून महसूल व पोलीस अधिकारी आणले गेले. फुलचंद गांधी पुढे हैदराबाद राज्याच्या मंत्रिमंडळात गेले. कासीम रझवीवर खटले चालले, त्याला शिक्षा झाली आणि १९५७ मध्ये सुटकेनंतर तो पाकिस्तानात गेला. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. लातूरच्या हत्यांसाठी मात्र असा नाव घेण्याजोगा खटला लोकस्मृतीत नाही.

२६/
१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. निजामी अमलातून सुटका ही खरी होती. तिच्यासाठी कॅम्पमधील पोरांनी आणि नळदुर्गच्या मोर्चावर पडलेल्या हवालदाराने दिलेली किंमतही खरी होती. त्यानंतरच्या आठवड्यांत दारे लावून बसलेल्या कुटुंबांची भीती तितकीच खरी होती. दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात, एकाच महिन्यात घडल्या. एक सांगण्यासाठी दुसरी झाकण्याची गरज नाही.

२७/
१९४८ च्या धाराशिवमध्ये शस्त्रधारी अनेक होते: अमीन, रझाकार, कॅम्पचे स्वयंसेवक, राखीव दल, नियमित सैन्य. प्रत्येकाला कोणत्या तरी अर्थाने 'व्यवस्था' लावायची होती. परंतु पोलीस म्हणजे शस्त्र नव्हे. पोलीस म्हणजे ज्याच्याकडे दुबळ्याला फिर्याद नेता येते आणि ज्याच्याविरुद्धही फिर्याद नेता येते तो. त्या वर्षी या जिल्ह्यात आधी निजामाने आणि मग काही आठवड्यांसाठी स्वतंत्र भारतानेही तो माणूस रयतेला दिला नाही. 'ॲक्शन' लोकांच्या स्मरणात राहिली. 'पोलीस' हा शब्द तेवढा नावापुरता उरला.